मोईच्या ओंडक्यात निघाली पांढरी ‘अंडी’ – कुणी ओळखेल का? (चोपडा, सातपुडा पायथा)

बांधावरचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. नाल्याकडच्या बांधावर एक जुनी मोई होती. तिचं एक अंग आधीपासूनच वाळत चाललं होतं, त्यात मागच्या पावसाळ्यात वादळाने ती आडवी झाली. फांद्या तेव्हाच जळतणाला गेल्या, बुंधा मात्र जागेवर पडून होता. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली. बहिणी माहेरी येणार, पुरणपोळ्या आणि सांजोऱ्या आमच्याकडे अजून चुलीवरच होतात, म्हणून सालदाराने बुंधा फोडायला घेतला.

पाचर मारून ओंडका उकलला तर आत एक पोकळी, आणि पोकळीत ही पांढरी वस्तू घट्ट बसलेली. सालीखाली नाही, चांगली चार बोटं आत, पक्क्या लाकडात. लांबट, दोन्ही टोकांना गोल, अंगाने जराशी चपटी. लांबी माझ्या अंगठ्याएवढी, जाडी त्याहून जास्त. नखाने ओरखडा उठत नाही, चाकूने खरवडलं की पांढरी पूड निघते. फरशीवर ठेवली की टक्क वाजते. त्याच ओंडक्यात अशा आणखी काही निघाल्या.

सालदार दोन पावलं मागे सरकला. “हाई सापनं अंडं शे, भाऊ. चुल्हामा टाकी द्या.” आईचं म्हणणं, साप लाकडाच्या आत अंडं घालेल कसा, जायला भोक तरी कुठंय? तेही खरंच.

फोटो टाकले आहेत, शेजारी रुपयाचं नाणं ठेवलंय. कुणाला काही कल्पना?

तापीतीर

सापाची नक्कीच नाहीत. सापाच्या अंड्याचं कवच मऊ आणि चिवट असतं, बोटाने दाबलं की दबतं. पालीची अंडी टणक असतात, पण ती फार लहान आणि सालीच्या सांदीत चिकटवलेली असतात. एवढं मोठं, आणि तेही भरीव लाकडात? पक्षीही नाही. सालदाराला सांगा, घाबरू नको.

केळीबाग_रावेर

जे काही असेल ते, चुलीत टाकू नका भो. पुरण शिजताना फुटलं म्हणजे? :)

बाकी आखाजीचं आमंत्रण धाग्यावरच्या सगळ्यांना आहे असं धरून चालतो. आमरस असेलच.

पांझराकाठ

आमच्याकडे विहीर खोदताना काळ्या दगडात पांढरे गोटे निघतात, तसलं काही असेल का? झाड वाढताना खोडात गुंतून राहिलेला दगड?

तापीतीर

@पांझराकाठ, दगड गुंतला तर लाकूड त्याच्याभोवती वळसा घालून वाढतं. फोटोत लाकडाचे धागे सरळ येऊन पोकळीपाशी कापल्यासारखे थांबलेत. पोकळी कुणीतरी कोरली आहे.

कीटकवही

तापीतीर यांनी नेमकी जागा पकडली. पोकळी कोरलेलीच आहे. मला अंदाज आहे, पण नाव घ्यायच्या आधी थोडं तपासून सांगा.

एका तुकड्यावर लिंबू पिळून पाहा, फेस येतो का. एक नग जपून, कडेने करवतीने कापा, मधोमध हाणू नका. आत काय आहे ते पाहा. पोकळीच्या भोवती भुसा आहे का, असला तर पिठासारखा बारीक की काड्याकाड्यांचा? आणि सालीची आतली बाजू पाहा. तिथे आडवेतिडवे रुंद चर दिसतात का?

उरलेले नग फोडू नका. काचेच्या बरणीत थोड्या भुश्यावर ठेवा, तोंडाला बारीक जाळी बांधा. फडकं नको, कुरतडून जाईल.

केळीबाग_रावेर

“कुरतडून जाईल” वाचून खुर्ची जरा मागे घेतली.

बांधावरचा

लिंबू पिळलं. फेस तर आलाच, कान लावला तर फसफस ऐकूही येते. पोरांनी सगळं लिंबू तिथेच संपवलं.

एक नग कापला. कवच नाण्याच्या जाडीपेक्षा थोडं कमी, आतून गुळगुळीत. आत भुंगा आहे! मेलेला, सुकलेला, पण अख्खा. तांबूस तपकिरी, डोक्यापासून शेवटापर्यंत एकाच रंगाचा, अंगावर बारीक लव. पाय पोटाशी दुमडलेले. मिशा पाठीवरून मागे जाऊन, कडेने वळून पुन्हा पोटाखाली आल्यात, इतक्या लांब. मानेच्या भागावर सुरकुत्या आहेत आणि दोन्ही बाजूंना एकेक टोक. पायाशी चुरगळलेली कातही होती.

भुसा काड्याकाड्यांचा आहे, रंधा मारल्यावर पडतो तसा. सालीच्या आत रुंद चर आहेत आणि त्यात भुसा ठासून भरलेला.

पांझराकाठ

भुंगा निघाला म्हणजे विषयच संपला, पण एक शंका राहते. लिंबाने फेस तर अंड्याच्या टरफलालाही येतो. मग त्या तपासणीतून काय कळलं?

कीटकवही

एवढंच कळलं की कवच चुन्याचं आहे, कॅल्शियम कार्बोनेटचं. बाकीचे उमेदवार त्यात गळाले: बुरशीचा गोळा, वाळलेला डिंक, माशीने केलेलं मातीचं घर. अंड्याचा प्रश्न भुसा, चर आणि कात यांनी सोडवला. अंड्यात कात कुठून येणार?

आता नाव. हा लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातला, सेरँबिसिडी कुळातला निओप्लोसीडेरस ओबेसस. ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स गॅहन यांनी १८९० मध्ये त्याचं वर्णन केलं. याच गॅहननी पुढे १९०६ मध्ये ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसूचीतला लांबमिशांचा अख्खा खंड लिहिला, आणि आजही आपल्याकडचा असा भुंगा ओळखायचा तर हात आधी तिकडेच जातो. त्या वेळी नावाचा पहिला भाग नुसता प्लोसीडेरस होता. १९९१ मध्ये आपल्या बाजूचे भुंगे वेगळे काढून त्यांना ‘निओ’ जोडलं गेलं. त्यामुळे जुन्या शेतकी पुस्तकांत प्लोसीडेरस शोधा, नव्यात निओप्लोसीडेरस.

याचा भाऊबंद फेरुजिनियस. त्याचं डोकं आणि मान काळपट, पाठीचे पंख तांबडे. तुमचा एकरंगी आहे, म्हणून ओबेसस म्हणतोय. शिवाय झाडही जुळतं. मोई, चारोळी, काटेसावर, आंबा, काजू ही याची ठरलेली घरं. म्हणजे सातपुड्यात त्याला उपाशी राहायचं कारण नाही.

कवचाची गोष्ट अशी. मादी सालीच्या भेगेत अंडी घालते. अळी निघाली की आधी सालीखालच्या रसाळ थरात खात फिरते. तुम्हाला दिसलेले चर ते, आणि मागे टाकलेला भुसा तीच दाबून भरत जाते. वाढ पुरी झाली की ती मोहरा बदलते आणि सरळ पक्क्या लाकडात शिरते. तिथे खोली कोरते आणि स्वतःच्या अंगातून चुना काढून भोवती कवच घालून घेते. त्याच्या आत कात टाकायची, कोष व्हायचं, भुंगा व्हायचं. भुंगा तयार झाला तरी लगेच निघत नाही, वेळ येईपर्यंत आत बसून राहतो. लाकूड खाऊन चुना बांधणारा प्राणी आपल्या बांधावर राहतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, याची मला दरवेळी गंमत वाटते.

या कुळातल्या बऱ्याच जणांना चुन्याचं थोडंफार अंग असतं. काही जण पूर्ण कवच न घालता खोलीच्या दाराला फक्त चुन्याचं झाकण लावतात. फ्रान्समधले कीटक-अभ्यासक फाब्र यांनी ओकच्या लाकडातल्या अळीचं असं झाकण तपासलं होतं. त्यांनी लिंबाऐवजी नायट्रिक आम्ल वापरलं, फेस तोच.

बांधावरचा

जबरदस्त! आईला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: मग तो मुळात आत गेला तरी कुठून? बाहेर भोक नाही.

कीटकवही

आईंचा प्रश्न या सगळ्या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. अळी आत गेली तेव्हा शेवयाएवढी बारीक होती. तिच्या प्रवेशाची खूण साल फुगली की बुजून जाते. मोठी झाली ती आतच. बाहेर दिसेल असं मोठं भोक भुंगा निघतानाच पडतं. म्हणून भोकं असलेलं लाकूड म्हणजे बहुधा रिकामं घर, आणि बिनभोकाचं म्हणजे भरलेलं असू शकतं. सरपण घेताना लोक नेमकं उलटं समजतात.

दापोलीकर

खान्देशच्या धाग्यात कोकणाने नाक खुपसतो. आमच्या काजूला लागतो तो ‘रोठा’ हाच ना? बुंध्याशी, जमिनीलगत भोकं पडतात, त्यातून भुसा आणि डिंक येतो, पानं पिवळी पडून गळतात, आणि एक दिवस चांगलं धरतं झाड उभं वाळतं. तासून काढलं की आत पांढऱ्या अळ्या आणि असलीच कवचं. आम्ही त्याला पाहून ‘वा’ म्हणत नाही हो, शिव्या घालतो.

कीटकवही

तुमचा रोठा म्हणजे मुख्यतः वर म्हटलेला फेरुजिनियस. ओबेससही काजूवर येतो. तुमच्या शिव्या रास्त आहेत. जिवंत, धरत्या झाडाच्या बुंध्यात आणि मुळात अळी शिरली आणि रसाचा थर चहूबाजूंनी खाल्ला की झाडाचं अन्नपाणी तुटतं. म्हणून तिकडे सुरुवातीलाच साल तासून अळ्या काढतात आणि मेलेली झाडं बागेत ठेवत नाहीत.

बांधावरच्या मोईचं वेगळं. ती आधीच वाळत होती. ओबेसस बहुतेक करून आजारी, मोडलेल्या, नुकत्या पडलेल्या लाकडाकडे जातो. झाड त्याने मारलं असं इथे म्हणता येणार नाही. तो मयताला आलेला आहे.

केळीबाग_रावेर

मग माझ्या केळीच्या खांबात अळ्या पडतात, त्या याच्याच भाऊबंदांच्या का?

कीटकवही

नाही. केळीच्या खांबातला तो सोंड्या, सोंडेच्या भुंग्यांचं कुळ निराळं. केळीत लाकूडच नाही, लांबमिशा तिथे काय करणार?

नागलीची_भाकर

अळी ओळखायची कशी? आमच्या शहादा भागात कुठलीही पांढरी जाड अळी दिसली की ‘हुमणी’ म्हणून मोकळे.

कीटकवही

हुमणी मातीत किंवा शेणखतात सापडते, हातात घेतली की अर्धगोल वळून पडते, आणि तिला पुढे तीन जोड्या पाय स्पष्ट दिसतात. लांबमिशाची अळी लाकडात असते, सरळ पडते, पाय जवळजवळ नाहीतच. डोक्याकडून जाड, मागे निमुळती, अंगावर ठळक वळ्या. त्या वळ्या बोगद्याच्या भिंतीला टेकवत ती पुढे सरकते. जबडे काळे आणि टणक.

नागलीची_भाकर

म्हणजे शेतात याच्या कुळाचं कुणी नसतंच का? फक्त झाडांना?

पांझराकाठ

असतं की. सोयाबीनचा चक्रभुंगा! तो याच कुळातला आहे, हे मला कृषी सहायकांनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. एवढासा, भाताच्या दाण्याहून जरा मोठा. पुढचा भाग नारिंगी, मागे काळा, आणि मिशा अंगाएवढ्या.

त्याचं काम मात्र बघण्यासारखं. मादी देठावर किंवा खोडावर एकमेकींना समांतर दोन चक्रं कापते, मधे बोटाच्या पेराएवढं किंवा त्याहून कमी अंतर. खालच्या चक्राच्या जरा वर बारीक छिद्रं पाडते आणि त्यातल्या एकात अंडं सोडते. वरचा भाग दोन-चार दिवसांत मान टाकतो. अळी खोड पोखरत खाली जाते आणि हंगाम संपता संपता झाड आतून कापते. वारा आला की शेंगांसकट आडवं. काढणीनंतर अळी धसकटात झोपून राहते ती पुढच्या पावसाला उठते. म्हणून धसकटं शेतात ठेवायची नाहीत. माझं गेल्या हंगामात चांगलं नुकसान झालंय, तेव्हा या कुळाबद्दल फार प्रेम येत नाही.

कीटकवही

उत्तम वर्णन. त्यात एकच घालतो. वरचा भाग सुकवण्यात मादीचा हेतू आहे. ताज्या देठात रस जोरात वाहतो, अंड्याला आणि कोवळ्या अळीला तो मानवत नाही. चक्र कापून ती आधी नळ बंद करते.

द्राक्षबागेत स्थेनियास ग्रिसेटर नावाचा राखाडी लांबमिशा हेच मोठ्या प्रमाणावर करतो. रात्री जिवंत फांदीला गोल कापा घेतो आणि कापल्याच्या वरच्या, मरत्या भागात अंडी घालतो. बोगनवेल, तुती, कण्हेर यांवरही दिसतो. अंगणातली बोगनवेलीची फांदी एका रात्रीत वाळली तर शेजाऱ्याच्या पोरावर संशय घ्यायच्या आधी कापा नीट पाहा. ;)

तापीतीर

आमच्या अमळनेरच्या जुन्या धाब्याच्या घरात वाशांतून पिठासारखी पूड पडते. रात्री शांत असलं की कुर्रकुर्र आवाजही येतो. वासे आजोबांच्या वेळचे. इतक्या जुन्या, ठणठणीत वाळलेल्या लाकडात कोण राहतं?

कीटकवही

तिथे दोन संशयित. पावडर अगदी मैद्यासारखी आणि भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असतील तर घुणाचे बारके भुंगे. भोकं मोठी, लंबगोल असतील तर स्ट्रोमॅशियम बार्बेटम. हाही लांबमिशाच, आणि या कुळातला सगळ्यात चिवट. ओलावा जवळपास नसलेल्या लाकडात राहतो, तीनशेच्या वर प्रकारच्या लाकडांत सापडलाय. कोरड्या लाकडात पोषण इतकं कमी की अळीला वाढायला वर्षानुवर्षं लागतात. घर बांधून झालं, रंग झाला, वास्तुशांत झाली, आणि कित्येक वर्षांनी कपाटातून भुंगा बाहेर येतो. लोकांना वाटतं तो बाहेरून आला.

वासा ठोकून पाहा. बद्द आवाज येत असेल तिथे सुताराला दाखवा. वरून रंग लावून काही होत नाही, अळी आत आहे.

एमआयडीसी_शिफ्ट

मी जळगावच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसाचा शिक्का आणि ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) असतं. ते याच मंडळींमुळे ना? आम्हाला ट्रेनिंगला एवढंच सांगितलं की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला किमान ३० मिनिटं तापवायचं, नाहीतर माल बंदरातून परत येतो. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही.

कीटकवही

याच मंडळींमुळे, निदान बऱ्याच अंशी. चीनमधला एक काळा-पांढरा लांबमिशा असाच पॅकिंगच्या कच्च्या लाकडातून अमेरिकेत उतरला आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मॅपलच्या झाडांवर सापडला. त्याला आवरायला तिकडे हजारो झाडं तोडून भुगा करावी लागली. २००२ मध्ये लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम आला, तुमचा शिक्का त्यातलाच. लाकडाच्या गाभ्यातल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, उष्णता पोचते.

एमआयडीसी_शिफ्ट

धन्यवाद. उद्या शिफ्टला सगळ्यांना सांगतो. शिक्का वाकडा मारला म्हणून बोलणी खाणाऱ्यांना तरी कारण कळेल.

दापोलीकर

@कीटकवही, राग नको, पण तुम्ही या भुंग्याची जरा जास्तच बाजू घेताय. मयताला आला म्हणता, पण तिथे वाढून पुढच्या वर्षी शेजारच्या आंब्यावर गेला तर? मी तर बांधावर असलं लाकूड दिसलं तर जाळून टाकीन.

अनेर_अरण्य

मी रोज जंगलात हिंडणारा माणूस, म्हणून दोन शब्द. बागेत तुमचं खरं. जंगलात मात्र वाळकं खोड हटवलं की बरंच काही हटतं. सुतार पक्षी दिवसभर कशावर चोच मारतो? याच अळ्यांवर. त्याने पाडलेल्या ढोल्यांत मग पोपट, साळुंक्या, पिंगळे राहायला येतात.

आणि आपल्या भागाला तर रानपिंगळ्याचा मान आहे. १८८४ नंतर कुणी पाहिला नव्हता, संपला असं लोक धरून चालले होते, आणि १९९७ मध्ये तो सापडला तो कुठे? शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो. ढोली हिरव्यागार तरण्या झाडाला सहसा नसते. जुनं, कुजकं, पोखरलेलं झाड लागतं. सगळं वाळकं लाकूड मोळीत गेलं तर या साखळीतलं काहीच उरणार नाही.

मोई पडली की गावात दोन दिवसांत तिचा मागमूस राहत नाही. लोकांनाही चूल पेटवायची असते, मी त्यांना दोष देत नाही. पण अभयारण्यात तरी पडलेलं खोड पडू द्यावं, असं माझं मत आहे.

नागलीची_भाकर

रानपिंगळ्याबद्दल वाचून छाती फुगली. आमच्या शहाद्याचं नाव असं कुठे निघत नाही, निघालं तर उसाच्या बातमीत.

पांझराकाठ

मध्य प्रदेशात साल वृक्षाच्या जंगलात अशाच किड्याने हाहाकार केला होता ना? मग जंगलात तरी निर्धास्त कसं राहायचं?

अनेर_अरण्य

तो सालबोरर. १९९०च्या दशकाच्या शेवटी मंडला भागात त्याने लाखो सालवृक्ष वाळवले. तो याच कुळातला, पण त्याचं सगळं सालाभोवती फिरतं आणि साल आपल्या खान्देशात नाही. आपल्याकडे साग, सालई, अंजन, धावडा. त्याला पकडायची पद्धत मात्र ऐकण्यासारखी आहे. पावसाळ्यात सालाचं झाड पाडून त्याचे ओंडके करतात, त्या ओंडक्यांची साल ठेचून रस गळू देतात. त्या वासाला लांबलांबून भुंगे येतात आणि रस पिऊन सुस्त पडतात. मग लोक हाताने वेचतात, नगावर पैसे मिळतात. पावती म्हणून मुंडकी मोजली जायची.

केळीबाग_रावेर

रस पिऊन सुस्त पडणारे आमच्याकडेही आहेत, आखाजीच्या दुपारी ओट्यावर मोजा. नगावर पैसे कोण देतंय?

कीटकवही

:)

दापोलीकर, राग कसला? तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. काजूची बाग असेल तर बांधावर असा ओंडका ठेवूच नये. मी एवढंच म्हणतोय की आपल्याला या कुळातले तेवढेच माहीत आहेत जे आपल्या खिशात हात घालतात. चक्रभुंगा, रोठा, आंब्याचा भिरूड, सालबोरर. जगात या कुळाच्या पस्तीस हजारांच्या वर जाती नोंदल्या आहेत. त्यातले बहुसंख्य मेलेल्या लाकडाची माती करण्यात गुंतलेले असतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. ओबेससचीच गंमत बघा. काजूवाला आणि वनखातं सोडलं तर याचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

@बांधावरचा, बरणीतल्यांचं काय?

बांधावरचा

उशिरा लिहितोय, पेरणीपूर्व मशागतीची घाई होती.

बरणी ओसरीवर सावलीत ठेवली होती. बरेच दिवस काही नाही. मृगाच्या आधी एक जोराचा वळीव झाला, त्या रात्री बरणीतून खरखर ऐकू आली. टॉर्च लावून पाहिलं तर एका कवचाच्या टोकाला आतून भोक पडत होतं. आधी जबडे दिसले, काळे, कात्रीसारखे उघडबंद होणारे. पूड खाली सांडत होती. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू. मग डोकं आलं, पण मिशा आत अडकलेल्या. त्या त्याने एकेक करून ओढून काढल्या, आधी डावी, मग उजवी. पूर्ण बाहेर यायला त्याला रात्र गेली. मी काही शेवटपर्यंत जागलो नाही, पोरगी जागली.

सकाळी पाठीवरून दोन बोटांत धरला तर चक्क ओरडला. चिर्र चिर्र. दर वेळी मान खालीवर हलवायचा आणि आवाज यायचा. मिशा अंगापेक्षा चांगल्याच लांब. हा नर असावा?

दुसऱ्या कवचातून काहीच आलं नाही. कापलं तर आत नुसता सुकलेला कोष. बाकीचे अजून बंद आहेत.

कीटकवही

वा! नरच. मादीच्या मिशा तुलनेने आखूड असतात. आवाज तोंडातून येत नाही. मानेच्या पट्टीची आतली कड मागच्या भागावरच्या बारीक रेघांच्या ठशावर घासते. या कुळात बहुतेकांना ही युक्ती येते. पकडणारा दचकला पाहिजे, एवढाच उद्देश.

त्याला आता सोडून द्या. मोई किंवा सावर जवळ असेल तिथे, संध्याकाळी. दिवसा सोडलात तर कावळा नेईल. सुकलेल्या कोषाचं कवच मात्र फेकू नका. कुठल्या झाडात, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात सापडलं याची चिठ्ठी घालून डबीत ठेवा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, त्यांना फोटोसकट कळवता येईल. चिठ्ठी नसेल तर वस्तू शोभेची, चिठ्ठी असेल तर नोंद.

बांधावरचा

सोडला. नाल्यापलीकडे सावर आहे तिच्यावर. पोरीने चिठ्ठी लिहून डबीत घातली. आता ती शाळेत न्यायचा हट्ट करतेय, पण शाळा उघडेपर्यंत मीच सांभाळतो.

एक शेवटचं विचारतो. घराशेजारच्या आंब्याच्या खोडावर जाळी आणि त्यात भुसा अडकलेला दिसतोय. तोही हाच की भिरूड?

दापोलीकर

जाळी असेल तर दोघंही नाहीत. ती साल खाणारी अळी, पतंगाची. रात्री बाहेर येऊन जाळीच्या आडोशाने साल खाते आणि दिवसा फांदीच्या बेचक्यातल्या भोकात लपते. जाळी झाडूने साफ करा, खाली भोक सापडेल. त्यात तार घालून अळी काढायची आणि भोक ओल्या मातीने लिंपायचं.

भिरूड असता तर जाळी नसती. खोडातून काड्याकाड्यांचा भुसा आणि चिकट काळपट रस गळताना दिसला असता. त्याचा भुंगा मोठा, राखाडी, मानेवर दोन तांबडे ठिपके. तो दिसला तर मात्र सावरीवर नेऊन सोडू नका.

बांधावरचा

जाळीच आहे. उद्या झाडून पाहतो, भोकाचा फोटो टाकतो.